आईला महिने उलटे म्हणायला सांगितले तेव्हा



आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. पदवी घेऊन लष्करात गेलो, हवाई संरक्षणाच्या तोफा आणि रडार यांच्यात बत्तीस वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर सिकंदराबादला स्थायिक झालो. आजचा विषय मात्र रुग्णालयातला आहे. दाखल झालेल्या माणसाचं मन अचानक गोंधळलं, तर ते वेळेत ओळखण्यासाठी डॉक्टर आणि नर्स प्रश्नांची एक मोजपट्टी वापरतात. अशा बहुतेक मोजपट्ट्या इंग्रजीत तयार झाल्या. त्या मराठीत आणायच्या तर नुसतं भाषांतर पुरत नाही, मराठी माणसांवर त्या पुन्हा तपासून घ्याव्या लागतात. का आणि कशा, एवढंच मला सांगायचं आहे. हे मला पुस्तकात नाही, आईच्या खाटेशेजारी कळलं.

आई सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. शाळेचं तोंड तिनं पाहिलेलं नव्हतं. वडील गेल्यावर ती आमच्याकडे आली. एके दिवशी बाथरूममध्ये पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. दाखल करताना एका तरुण डॉक्टरांनी तिला काही प्रश्न विचारले. बिचारे अगदी नम्र होते. त्यांना मराठी येत नव्हतं, आईला मोडकंतोडकं हिंदी येत होतं, आणि मधे दुभाष्या म्हणून मी.

वय किती? आई म्हणाली, "ऐंशी झाली असतील की."

जन्मतारीख? "पत्री सरकारच्या टायमाला मी पाच-सहा वर्सांची हुते." आता नाना पाटलांचं प्रतिसरकार १९४३ च्या सुमाराला साताऱ्यात उभं राहिलं, म्हणजे उत्तर तसं बरोबरच होतं. पण मी ते हैदराबादच्या डॉक्टरांना कसं समजावणार? तिच्या आधार कार्डावर १ जानेवारी आहे, ती तारीख कार्ड काढणाऱ्यानं दिलेली.

हे कोणतं ठिकाण? "दवाखाना." कोणता? त्याचं नाव तिला माहीत नव्हतं. साल कोणतं? "ते तुमास्नी ठावं."

मग डॉक्टर म्हणाले, डिसेंबरपासून उलटे महिने म्हणा. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "उलटं कशापायी म्हनायचं?"

तिला चैत्र, वैशाख पाठ होते, तेही सणवारांच्या क्रमानं. जानेवारी-डिसेंबर ती कधी ओळीनं सुलटेसुद्धा म्हणाली नव्हती. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, स्मरणशक्ती कमी, जुना विस्मरणाचा आजार असावा. मी हसून सोडून दिलं. त्याच सकाळी, पडायच्या आधी तासभर, तिनं दूधवाल्याचा महिन्याचा हिशेब तोंडी करून माझी चूक काढली होती. हे मी त्यांना सांगितलं नाही. हाड मोडलंय आणि दुधाचा हिशेब काय सांगायचा, असं वाटलं.

शस्त्रक्रिया चांगली झाली. तिसऱ्या दिवशी आई गप्प झाली. डोळे अर्धवट मिटलेले, हाक मारली की "हं", आणि पुन्हा तंद्री. नर्स कौतुकानं म्हणाली, "अम्मा आज बहुत शांत हैं." संध्याकाळी आई चादरीची कड चिमटीत धरून ओढत होती. मला म्हणाली, "गुरं बांधली का रं?" नर्सनं विचारलं, काय म्हणतात? मी म्हणालो, "घर की याद आ रही है." नर्स हसली आणि पुढच्या खाटेकडे गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक ज्येष्ठ डॉक्टर आले आणि त्यांनी मला एकच गोष्ट विचारली: ऑपरेशनच्या आधी या अशाच होत्या का? मी म्हणालो, नाही, मुळीच नाही. लगेच तपासण्या झाल्या. रक्तातलं सोडियम घसरलं होतं आणि लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाला होता. उपचार सुरू झाले, पाच-सहा दिवसांत आई भानावर आली. नंतर ती अडीच वर्षं जगली, वॉकर धरून घरात फिरायची. जवळजवळ दिवसभर जो उशीर झाला, त्यानं नेमकं काय बिघडलं हे कुणी सांगू शकत नाही, आणि मला कुणाकडे बोटही दाखवायचं नाही. दाखवायचंच तर एक बोट माझ्याकडेही वळेल. त्याकडे मी शेवटी येतो.

आईला जे झालं त्याला डिलिरियम म्हणतात. हा शब्द लॅटिनमधून आलेला आहे, आणि त्याचा मूळ अर्थ नांगर तासाबाहेर जाणं असा आहे. आईला ही व्युत्पत्ती आवडली असती. डिलिरियम काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुरू होतो आणि दिवसभरात कमी-जास्त होत राहतो. त्याची मुख्य खूण म्हणजे लक्ष टिकत नाही. संसर्ग, क्षारांचा बिघाड, मोठी शस्त्रक्रिया, काही औषधं, अचानक सुटलेली दारू, अशी कारणं मागे असतात. स्मृतिभ्रंश म्हणजे डिमेन्शिया महिन्यांनी, वर्षांनी वाढतो. डिलिरियम मात्र अचानक येतो आणि शरीरात कुठे तरी काही बिघडलंय याची वर्दी देतो. कारण सापडलं तर बऱ्याचदा तो उतरतो. म्हणून तो ओळखणं महत्त्वाचं.

आपल्या भाषेत यासाठी शब्द आहेत. वात झाला, वातात बडबडतो, बरळतो, सन्निपात झाला. पण हे सगळे शब्द आरडाओरड करणाऱ्या, सलाईन उपटणाऱ्या रुग्णाचे आहेत. डिलिरियमचा दुसरा प्रकार असतो तो गप्प राहणारा. तो रुग्ण कुणाला त्रास देत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्याला आपण म्हणतो, "बरं झालं, झोपलाय." आई या दुसऱ्या प्रकारातली होती.

नुसत्या नजरेनं हे सुटतं, म्हणून मोजपट्ट्या तयार झाल्या. अमेरिकेत डॉ. शेरॉन इनूये यांनी १९९० मध्ये 'कन्फ्यूजन असेसमेंट मेथड', म्हणजे कॅम, प्रसिद्ध केली. अतिदक्षता विभागातल्या, नळी घातल्यामुळे बोलू न शकणाऱ्या रुग्णांसाठी डॉ. वेस ईली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये कॅम-आयसीयू आणली. डॉ. पॉला ट्रझेपॅच यांची डीआरएस-आर-९८ ही सोळा बाबींची पट्टी आजाराची तीव्रताही मोजते. आणि एडिनबरोच्या डॉ. अलास्डेअर मॅक्ललिक यांच्या गटानं केलेली फोरएटी ही दोनेक मिनिटांची, चार भागांची चाचणी आहे. पहिला भाग, रुग्ण किती जागा आहे. दुसरा, वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू साल. तिसरा, महिने उलटे म्हणणं. चौथा, अवस्थेत अचानक बदल किंवा चढउतार झालाय का. चार किंवा त्याहून जास्त गुण झाले, तर डिलिरियमची शक्यता धरायची.

माझ्या आईला विचारलेले प्रश्न यातल्या दुसऱ्या-तिसऱ्या भागासारखेच होते, जमेल तशा हिंदीत, तोंडी. चाचणी पूर्ण झालीच नव्हती. पुढे मी कागद घेऊन हिशेब केला. पहिल्या दिवशी आईचे गुण तीन भरले. चार प्रश्नांत दोन किंवा त्याहून जास्त चुका, त्याचे दोन. महिने म्हणायला नकार, त्याचा एक. तीन गुण म्हणजे डिलिरियम नाही, पण बुद्धीचं काम मंदावलेलं असू शकतं. दूधवाल्याचा हिशेब करणारी बाई मंद ठरली. तिसऱ्या दिवशी मात्र नुसत्या तंद्रीचे चार आणि अचानक बदलाचे चार, आठ गुण झाले असते. पण तेव्हा कुणी मोजलंच नाही. कागदावर आधीच लिहिलेलं होतं ना, स्मरणशक्ती कमी. मग ती गप्प आहे, गुरांबद्दल बोलते, यात कुणाला नवीन काय वाटणार?

माझं आजचं म्हणणं या दोन दिवसांत आहे. रडारवर बसणाऱ्याला ते लगेच कळेल. पक्ष्यांचे थवे आणि पावसाचे ढग पडद्यावर विमानासारखे दिसू लागले, की चार वेळा धावपळ होते. पाचव्या वेळी खरं विमान येतं तेव्हा पोरं म्हणतात, परत पक्षीच असतील. चुकीचा प्रश्न नुसतं चुकीचं उत्तर देऊन थांबत नाही. पुढे येणाऱ्या खऱ्या धोक्यावर तो पांघरूण घालतो.

आई गेल्यानंतर एका ओळखीच्या मनोविकारतज्ज्ञांचा फोन आला. डिलिरियमच्या एका चाचणीचा मराठी मसुदा त्यांच्याकडे होता. म्हणाले, "कर्नलसाहेब, मूळ इंग्रजी न बघता हा परत इंग्रजीत करून द्याल का?" याला उलट भाषांतर म्हणतात. पद्धत अशी असते: मूळ कर्त्यांची परवानगी घ्यायची. दोघांनी वेगवेगळं मराठी भाषांतर करायचं. दोन्ही समोर ठेवून एक मसुदा ठरवायचा. मग मूळ न पाहिलेल्या माणसाकडून तो इंग्रजीत उलटवून घ्यायचा आणि मूळाशी ताडून बघायचा. मला वाटलं, दोन संध्याकाळींचं काम. पण पहिल्याच पानावर अडलो.

एका ठिकाणी रुग्ण कितपत जागरूक आहे ते नोंदवायचं होतं. आमच्याकडे आजारातून उठलेल्या माणसाला म्हणतात, "आज जरा हुशारी वाटतेय." किती नेमका शब्द! पण पुण्या-मुंबईत वाढलेल्या नर्सनं "रुग्ण हुशार आहे का" असं वाचलं तर तिला वाटेल की बुद्धी विचारली आहे. सावध म्हणावं तर मला कवायत आठवते. शेवटी साधं वाक्य बरं वाटलं: हाक मारल्यावर डोळे उघडून तुमच्याकडे बघतो का, आणि बघत राहतो का? तसंच सुस्ती, गुंगी, पेंग, ग्लानी. चार शब्द, चार पायऱ्या. पण कोणती पायरी वरची आणि कोणती खालची, हे साताऱ्यात आणि इंदूरमध्ये एकच असेल याची खात्री काय?

कॅम-आयसीयूमध्ये लक्ष तपासण्यासाठी इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचतात आणि 'ए' ऐकू आलं की रुग्णानं हात दाबायचा असतो. दहा अक्षरांत दोनपेक्षा जास्त चुका झाल्या तर लक्ष नाही असं धरतात. मराठीत कुणी म्हणेल, 'ए'च्या जागी 'अ' घ्या. घेऊन बघा. आपल्या प्रत्येक व्यंजनाच्या उच्चारात 'अ' असतोच. क म्हटलं की त्यात अ आला, स म्हटलं की त्यात अ आला. ज्याचा कान शाबूत आहे तोच जास्त वेळा हात दाबेल! मग आकडे बरे. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही आकडे येतात.

त्याच चाचणीत विचार सुसंगत आहे का हे पाहायला हो-नाहीचे सोपे प्रश्न आहेत. एक पौंड दोन पौंडांपेक्षा जड असतो का? पौंडाचा किलो केला की झालं. पण दुसरा प्रश्न आहे, दगड पाण्यावर तरंगतो का? आमच्या आळीतल्या एका आजोबांना मी सहज विचारून पाहिलं. तल्लख माणूस. म्हणाले, "रामाचं नाव लिहिलं तर तरंगतो." आता याला चूक द्यायची?

यात भाषांतर कुठेच चुकलेलं नाही हे लक्षात घ्या. "तुमची जन्मतारीख काय?" हे वाक्य इंग्रजीत परत केलं तर तंतोतंत मूळ वाक्य मिळतं. उलट भाषांतराच्या परीक्षेत त्याला पैकीच्या पैकी गुण. तरी माझ्या आईसाठी तो प्रश्न निकामी होता. अडचण भाषेत नव्हती, तिच्या आयुष्यात तारीख नावाची वस्तूच नव्हती.

हे आपल्या देशात फार पूर्वी ओळखलं गेलं आहे. विस्मरणासाठी जगभर वापरली जाणारी एमएमएसई ही १९७५ ची चाचणी. डॉ. मेरी गांगुली आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी हरियाणातल्या बल्लभगढ भागातल्या, मुख्यतः निरक्षर अशा वृद्धांसाठी तिचं हिंदी रूप घडवलं आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध केलं. मूळ चाचणीत "डोळे मिटा" असं लिहिलेला कागद वाचून तसं करायचं असतं. वाचता न येणाऱ्यानं काय करायचं? त्यांनी तिथे, माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा, असं ठेवलं. इंग्रजी शब्द उलटा म्हणण्याच्या जागी आठवड्याचे वार उलटे. माझ्या आईला वार विचारले असते तर तिनं बाजार आणि उपवासासकट सांगितले असते.

पण इथे नवा प्रश्न उभा राहतो. बारा महिने उलटे म्हणणं आणि सात वार उलटे म्हणणं सारखंच अवघड आहे का? नाही. वार सोपे आहेत. ज्याचं लक्ष थोडंसंच ढळलंय तो वारांत पास होईल आणि महिन्यांत नापास. म्हणजे प्रश्न बदलला की गुणांचा अर्थ बदलला. इंग्रजीत चार गुणांवर ओढलेली रेघ मराठीत चारवरच असेल असं नाही. हे तर्कानं ठरत नाही. रुग्णांपाशी जाऊनच ठरवावं लागतं, आणि त्यालाच प्रमाणीकरण म्हणतात.

फौजेत याला झिरोइंग म्हणतात. रायफल कितीही उत्तम असो, साईट बदलली की फायरिंग रेंजवर नेऊन ती पुन्हा जुळवून घ्यायची. आधी ग्रुपिंग बघतात, म्हणजे गोळ्या एकमेकींजवळ लागतात का. मग झिरोइंग, म्हणजे तो झुबका निशाणाच्या मध्यावर आहे का. सगळ्या गोळ्या एकाच जागी, पण मध्यापासून वीतभर डावीकडे, असं होऊ शकतं. चाचणीचंही हेच. दर वेळी सारखं उत्तर देणं वेगळं आणि बरोबर उत्तर देणं वेगळं.

पहिली पायरी म्हणजे थोड्या लोकांवर करून बघणं. इथे "समजलं का?" असं कधी विचारू नये. बत्तीस वर्षांत "समझ गए?" या प्रश्नाला "जी साहब" याशिवाय दुसरं उत्तर मी ऐकलेलं नाही. म्हणून हुकूम दिला की जवानाकडून तो त्याच्या शब्दांत परत म्हणवून घ्यायचा. इथेही तसंच: आजी, मी काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा. त्यात बेळगावची, नागपूरची, बडोद्याची, तंजावरची मराठी बोलणारी माणसं हवीत. शाळा न पाहिलेली हवीत. आणि ही चाचणी ज्या नर्स वापरणार त्याही हव्यात.

मग ग्रुपिंग. एकाच रुग्णाला दोन जणांनी, एकमेकांचे गुण न बघता, थोड्याच अंतरानं तपासायचं. थोड्याच अंतरानं, कारण डिलिरियम सकाळी एक आणि संध्याकाळी एक असतो. दोघांची मतं किती जुळली हे मोजायला जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कप्पा नावाचा आकडा वापरतात. त्याची गरज का? समजा, दोन नर्स रुग्णाकडे न बघताच शंभरातल्या नव्वदांना "नाही" आणि दहांना "आहे" असं लिहीत सुटल्या. तरीही योगायोगानं त्यांची मतं शंभरात सुमारे ब्याऐंशी वेळा जुळतील. ऐकायला ब्याऐंशी टक्के भारी वाटतं, आणि आत काहीच नाही. कप्पा हा योगायोग वजा करून उरलेलं सांगतो.

मग झिरोइंग. त्यासाठी निशाण लागतं. इथे निशाण म्हणजे अनुभवी तज्ज्ञानं, डीएसएम-५ सारख्या मान्य निकषांवर, रुग्णाला नीट तपासून केलेलं निदान. त्याला चाचणीचे गुण माहीत नसावेत आणि चाचणी करणाऱ्याला त्याचं निदान. नाही तर दोघं नकळत एकमेकांकडे झुकतात. समजा, शंभर रुग्णांत तज्ज्ञाच्या मते वीस जणांना डिलिरियम आहे. चाचणीनं त्यातले सोळा पकडले, चार सुटले. उरलेल्या ऐंशींत बहात्तरांना तिनं बरोबर सोडलं आणि आठांवर नाहक बोट ठेवलं. पहिली बाजू ऐंशी टक्के, दुसरी नव्वद टक्के. पण चाचणीनं ज्या चोवीस जणांना गाठलं, त्यातल्या आठांना, म्हणजे दर तिघांत एकाला, डिलिरियम नाहीच. हे आकडे मी समजण्यापुरते घेतलेत. पण तिघांतला तो एक म्हणजे पहिल्या दिवशीची माझी आई आणि सुटलेल्या चौघांतली एक म्हणजे तिसऱ्या दिवशीची माझी आई. दोन्ही चुका कागदावर नसतात, खाटेवर असतात.

रेघ खाली आणली तर सुटणारे कमी होतात, नाहक धरले जाणारे वाढतात. वर नेली तर उलट. रडारचं बटण फिरवणाऱ्यासारखंच आहे हे. संवेदनशीलता वाढवली की विमानाबरोबर पक्षीही दिसतात, कमी केली की पक्ष्यांबरोबर विमानही जातं. रेघ कुठे ओढावी हे ठरवायला डॉक्टर आरओसी नावाचा आलेख काढतात. त्यातला 'आर' म्हणजे रिसीव्हर, आणि या पद्धतीची मुळं दुसऱ्या महायुद्धातल्या रडारच्या कामात आहेत. हे कळलं तेव्हा मला जुना सहकारी भेटल्यासारखं वाटलं.

एक गोष्ट मात्र नीट सांभाळावी लागते. तपासणीसाठी रुग्ण निवडताना सोपे निवडायचे नाहीत. एका बाजूला बरळणारे आणि दुसऱ्या बाजूला खडखडीत बरे, असे घेतले तर कोणतीही चाचणी उत्तम दिसेल. ऐकू कमी येणारे, आधीच विस्मरण असलेले, अंगठा उठवणारे आणि गप्प पडून राहणारे, हे सगळे त्यात हवेत. चाचणीची खरी गरज त्यांनाच आहे. अडचण अशी की डिलिरियम असलेला माणूस स्वतः संमती देऊ शकत नाही. नैतिकता समितीची मंजुरी घेऊन जवळच्या नातेवाइकाला विचारावं लागतं. म्हणून कधी तुम्हाला कुणी असं विचारलं तर लगेच झिडकारू नका. आधी ऐकून घ्या.

आणखी एक गोष्ट मला त्या मसुद्यावर काम करताना जाणवली. फोरएटीचे चार भाग पुन्हा बघा. दुसरा आणि तिसरा भाग माणसाला काय येतं यावर अवलंबून आहेत. ते एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना अडखळतात. पहिला भाग डोळ्यांनी बघायचा आहे आणि चौथा घरच्यांना विचारायचा आहे. हे दोन भाग सीमा सहज ओलांडतात. आईच्या वेळी आम्ही अडखळणारे भाग विचारले आणि सहज जाणारे सोडून दिले.

आता माझ्याकडे वळणारं बोट. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे विशेष सांगायचंय. आपले म्हातारे आईवडील तेलुगू, कन्नड, गुजराती, हिंदी बोलणाऱ्या रुग्णालयात जातात. आजारपणात माणूस आईच्या भाषेकडे वळतो. मग दुभाषे आपणच असतो. आणि आपण काय करतो? आईवडिलांची इभ्रत सांभाळतो. आई म्हणाली, "गुरं बांधली का?" आमच्याकडे गुरं नव्हती. सिकंदराबादच्या फ्लॅटमध्ये कुठली गुरं? ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं असतं, तर त्या नर्सला कदाचित शंका आली असती. मी ते नीटनेटकं केलं, घर की याद आ रही है. विस्कटलेलं बोलणं मी भाषांतरात सरळ केलं. चाचणी मराठीत असती आणि नर्सला मराठी येत असतं, तर हे घडलं नसतं. पण जोवर तसं नाही, तोवर आपण निरोप्याचं काम करायचं, वकिलाचं नाही. असंबद्ध वाक्य असंबद्धच सांगायचं. आणि उत्तरं पुरवायची नाहीत. "सांग की आई, दोन हजार…" असं मीही पहिल्या दिवशी केलं होतं.

मसुद्याचं काम अजून चालू आहे. पूर्ण प्रमाणित होईपर्यंत ती चाचणी वापरायची नाही, हे योग्यच. तोवर आपल्या हातात काय आहे? रुग्णाला दाखल करतानाच डॉक्टरांना दोन वाक्यांत सांगा की हा माणूस घरी कसा असतो. हिशेब करतो, पेपर वाचतो, नावं विसरतो, जे असेल ते. मी दुधाचा हिशेब सांगायला हवा होता. चष्मा, कानाचं यंत्र, कवळी घरी ठेवू नका, सोबत न्या. पाणी, झोप, डॉक्टरांनी परवानगी दिली की लवकर उठून बसवणं, आज कोणता वार आहे ते बोलता बोलता सांगणं, हे सगळं औषधासारखंच आहे. इनूये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये सत्तर आणि त्यापुढच्या वयाच्या ८५२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्याकडे अशा साध्या गोष्टींची काळजी घेतली गेली त्यांच्यात डिलिरियम ९.९ टक्क्यांना झाला आणि नेहमीच्या व्यवस्थेत १५ टक्क्यांना.

आणि कधी तुम्हाला अशा चाचणीचा मराठी मसुदा वाचायला कुणी बोलावलं, तर जा. तुम्ही डॉक्टर नसाल, तर जास्तच उपयोगी पडाल. वाचताना आपल्या आजीला समोर बसवा आणि विचारा, हिला हे विचारलं तर ही काय म्हणेल?

शेवटी एवढंच. त्या ज्येष्ठ डॉक्टरांनी मला विचारलं होतं, या अशाच होत्या का? तो प्रश्न कुणी विचारेपर्यंत थांबू नका. आपलं माणूस नेहमीसारखं वाटत नसेल, तर नर्सला हाक मारून त्याच मिनिटाला सांगा.